शितावरून भाताची परीक्षा : प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस



दर वर्षी शाळा सुरू झाली की आरोग्याचे तक्ते आपल्या घरी पाठवले जातात. उंची, वजन, गेल्या वर्षातील आजार एवढेच त्यात भरायचे असते. मागच्या वर्षी परत आलेले तक्ते आम्ही सवडीने चाळले. काही तक्त्यांत मागील वर्षाचेच आकडे जसेच्या तसे उतरवलेले होते. एका घरच्या दोन भावांची उंची अगदी सारखी लिहिली होती, आणि एक भाऊ तर दुसऱ्याच्या खांद्यालाही लागत नाही! शेवटी टेप घेऊन आम्हीच वर्गात गेलो. मुलांना मोठी गंमत वाटली. आम्हाला मात्र गंमत वाटली नाही, कारण त्या तक्त्यांवरून आपण शाळेतील मुलांच्या प्रकृतीचा अंदाज बांधत होतो. एका शाळेचे असे, तर कोट्यवधी लोकांच्या देशाची प्रकृती कशी कळत असेल?

या प्रश्नामागे लागलेल्या एका माणसाचे चरित्र या अंकात देत आहोत. २९ जून हा त्यांचा जन्मदिवस. २००७ सालापासून तो देशभर ‘सांख्यिकी दिन’ म्हणून पाळला जातो.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म १८९३ साली कलकत्त्यात झाला. घराणे ब्राह्मो समाजाचे, सुधारक विचारांचे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ साली पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले. शिकायचे होते लंडनला. पण सहज केंब्रिज पाहायला गेले आणि परतीची शेवटची गाडी चुकली. रात्री एका मित्राकडे मुक्काम पडला, किंग्ज कॉलेजचे भव्य प्रार्थनामंदिर मनात भरले, आणि ते तिथेच दाखल झाले. गाडी चुकल्याने आयुष्याला दिशा मिळाल्याची उदाहरणे थोडी. त्यांतले हे एक.

केंब्रिजला त्यांची ओळख रामानुजन यांच्याशी झाली. थंडीचे दिवस होते. रात्री झोप नीट लागते का, असे महालनोबिसांनी त्यांना विचारले. तेव्हा कळले की तो थोर गणिती अंगात ओव्हरकोट घालून, वर शाल गुंडाळून झोपत होता आणि तरी कुडकुडत होता. महालनोबिसांनी खोलीत जाऊन पलंग पाहिला. ब्लँकेटे सगळी होती, पण तिकडच्या पद्धतीप्रमाणे गादीखाली नीट खोचलेली, वर पलंगपोस. त्यांच्या आत शिरून झोपायचे असते हे रामानुजनना कोणी सांगितलेच नव्हते. महालनोबिसांनी ते दाखवून दिले. ही गोष्ट आम्हाला फार आवडते. बाहेरून पाहणाऱ्याला रामानुजनकडे पांघरूण आहे एवढेच दिसले असते. त्यांना थंडी वाजते, हे आत जाऊन आपुलकीने विचारले तेव्हाच कळले.

१९१५ साली परीक्षा उत्तम रीतीने पार पडली. मायदेशी निघायचे तर महायुद्धामुळे बोट लांबली. त्या मोकळ्या दिवसांत एका अध्यापकांनी त्यांना ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड दाखवले. माणसांची, प्राण्यांची, वनस्पतींची मापे घेऊन त्यांतून नियम शोधणारे ते शास्त्र त्यांना नवे होते. त्यांनी सगळे खंड विकत घेतले आणि बोटीवर वाचत वाचत भारतात आले. कलकत्त्याला शिकवले पदार्थविज्ञान, पण मन गुंतले आकड्यांत.

थोडे आमचे सांगतो. आमची पदवी हिंदी माध्यमातून झाली. पुस्तकात ‘प्रतिदर्श’ आणि ‘प्रतिचयन’ असे जड शब्द आले की आम्ही ते पाठ करून मोकळे होत असू. अर्थ उमगला तो आईच्या स्वयंपाकघरात. भात शिजला की नाही हे पाहायला ती सगळे पातेले उपसत नसे. एक शीत बोटांनी चेपून पाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, आणि प्रतिदर्श म्हणजे तरी दुसरे काय? पण त्यात एक मेख आहे. पातेल्याखाली जाळ सारखा लागलेला असेल तरच एका शिताचा भरवसा. आपल्या देशाच्या पातेल्याखाली जाळ कधीच सारखा नव्हता. कुठे कच्चे, कुठे करपलेले. मग किती शिते घ्यायची, कुठून घ्यायची, आणि उचलणाऱ्याच्या मनाचा कल त्यात उतरू नये म्हणून काय करायचे? महालनोबिसांचे मोठे काम नेमके इथले आहे.

१९३१ च्या डिसेंबरात प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्याच प्रयोगशाळेच्या खोलीत ‘भारतीय सांख्यिकी संस्था’ सुरू झाली. १९३३ साली ‘सांख्य’ हे संशोधनपत्र निघाले. पुढे बंगालमधील तागाचे पीक मोजण्याचे काम त्यांच्याकडे आले. शेत न शेत मोजायचे तर माणसे हजारो, खर्च लाखो रुपये, आणि आकडा हाती येईतो पीक विकूनही झालेले. महालनोबिसांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने, कोणाच्या मर्जीवर न सोडता, थोड्या जागा निवडल्या आणि तेवढ्याच काळजीपूर्वक मोजल्या. आधी लहान प्रमाणावर करून पाहायचे, चुका शोधायच्या, मग व्याप वाढवायचा, अशी त्यांची रीत. थोड्या खर्चात मिळालेला हा अंदाज भरवशाचा ठरू लागला. कारणही सोपे आहे. मोजणारे थोडे असले की त्यांना नीट शिकवता येते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवता येते. हजारोंच्या मोजणीत बसल्या जागी भरलेले तक्ते कोण पकडणार?

तसे तक्ते पकडण्याची एक युक्तीही त्यांनी काढली. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे आणि दोन वेगळ्या तुकड्यांनी ते मोजायचे. दोघांचे निष्कर्ष जवळपास आले तर ठीक. फार अंतर पडले तर कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजायचे.

पण त्यांचीही प्रत्येक गोष्ट बरोबर नव्हती. पीक कापून उत्पन्न काढण्यासाठी ते अगदी लहान तुकडे घेत. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आपले मराठी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवले की तुकडा फार लहान असला तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते. या दोघांचा वाद बराच गाजला. मोठ्या माणसाचे मापही दुसऱ्याने मोजून पाहावे लागते, हा त्यातला धडा.

१९४३ साली बंगालवर भीषण दुष्काळ कोसळला. लाखो माणसे भुकेने आणि साथीच्या रोगांनी गेली. त्यानंतर महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन पंधरा हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. कोणत्या घरी किती माणसे दगावली, कोणाची जमीन गेली, कोणाचे बैल विकले गेले, कोण निराधार झाले, हे घराघरांतून विचारून लिहिले. भुकेचा घाला सगळ्यांवर सारखा पडला नव्हता. मजूर, कोळी, कारागीर अशी हातावर पोट असणारी घरे सर्वांत आधी मोडली होती. सरासरीत हे दिसत नाही; घरोघर गेले की दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबिस अध्यक्ष होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. देशातील माणूस काय खातो, काय कमावतो, याची माहितीच पुरेशी नाही हे समितीला जाणवले. म्हणून १९५० साली ‘राष्ट्रीय नमुना पाहणी’ सुरू झाली. पहिल्या फेरीसाठी १८३३ खेडी निवडली होती. भाषा अनेक, धान्याची मापे गावागणिक निराळी, रस्ते नाहीत. तरी पाहणी करणारे गेले, घरात बसले, विचारत राहिले.

कसे विचारावे याचाही त्यांनी अभ्यास केला. गेल्या आठवड्यात किती तांदूळ खाल्ले असे विचारले तर एक उत्तर येते. गेल्या महिन्यात किती, असे विचारले तर हिशेब दुसराच निघतो. खरे कोणते? हे ठरवायला काही घरांत प्रत्यक्ष धान्य तोलून पाहिले. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आम्हा शिक्षकांनीही हे ध्यानात ठेवावे. प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

१९५३-५४ मधील सातव्या फेरीत घरोघरच्या आजारपणाची विचारपूस प्रथम झाली. दवाखान्याच्या नोंदवहीत दवाखान्यापर्यंत पोचलेला रोगीच असतो. जो पोचलाच नाही, त्याची नोंद घरी गेल्याशिवाय होत नाही. याच पाहणीतील खर्चाच्या आकड्यांवरून १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशात किती लोकांना पोटभर अन्नही मिळत नाही याचा हिशेब मांडला. त्यावर देशभर चर्चा झाली.

महालनोबिसांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९४५ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा त्यांच्या हातचा, १९६८ साली पद्मविभूषण. रवींद्रनाथ टागोरांचा त्यांना निकटचा स्नेह लाभला. विश्वभारतीचे चिटणीसपद त्यांनी दहा वर्षे सांभाळले. या सर्वांत पत्नी निर्मलकुमारी ऊर्फ राणी यांची साथ होती. अखेरच्या काळात नमुना पाहणीचे काम त्यांच्या संस्थेकडून सरकारी संघटनेकडे गेले. स्वतः लावलेले झाड दुसऱ्याच्या अंगणात गेलेले त्यांनी पाहिले. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशी वर्षे पुरी व्हायला एक दिवस उरला असताना, ते गेले.

झाड मात्र वाढले. १९९२-९३ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार घरे निवडून विचारपूस झाली. मुलांची उंची-वजने घेतली, बोटाला सुई टोचून रक्त तपासले. पहिल्या पाहणीत हजार जन्मांमागे सुमारे ७९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. पाचव्या पाहणीत तो आकडा ३५ वर आला. याचे समाधान मानावे. पण त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभर मुलांमागे ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले, आणि आधीच्या फेरीत ते प्रमाण ५९ च्या आसपास होते. म्हणजे एक दुखणे हटले, दुसरे वाढले. दारोदार विचारले नसते तर आपण पहिल्यावरच खूश राहिलो असतो.

आम्ही स्वतः जनगणनेच्या कामावर हिंडलो आहोत. दार अर्धे उघडून काहीतरी सांगून वाटेला लावणारी घरे पाहिली, आणि पाण्याचा तांब्या पुढे करून शांतपणे उत्तरे देणारीही पाहिली. जनगणनेत आपण कोट्यवधींतले एक असतो. नमुना पाहणीत मात्र आपले एक घर शेकडो घरांच्या वतीने बोलत असते. आपण खोटे सांगितले तर तितक्या घरांच्या तोंडी खोटे जाते. तेव्हा असा कोणी आपल्या दारी आला, तर त्याचे ओळखपत्र अवश्य पाहावे आणि मग खरे तेच सांगावे.

विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. शाळेचा वजनकाटा जुना झाला आहे आणि उंचीची पट्टी भिंतीवर रंगवलेली आहे. एक चांगला काटा आणि उंची मोजण्याचे नीट साधन या वर्षी घेऊन द्यावे. यंदापासून दर वर्गातील काही मुलांची मापे दोन शिक्षक वेगवेगळी घेतील आणि मग ताडून पाहतील. युक्ती कोणाची, हे आता सांगायला नको. पालकांनीही तक्ता भरताना मुलाला भिंतीशी उभे करावे आणि मोजावे. मागील वर्षाचा आकडा उतरवू नये. मूल वर्षभरात वाढलेले असते.