शिवकुमार बटालवी : एका नव्या नगरीचा कवी

फाळणीत लाहोर गेल्यावर पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार चंडीगढ उभारण्यात आले आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर आणि नाना ठिकाणांहून आलेले विस्थापित व नोकरदार, असे या शहराचे स्वरूप होते. लाहोरच्या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या साठलेली कविता आणि किस्से यांचा वारसा त्याला जन्मतः लाभणे शक्य नव्हते. त्यातच १ नोव्हेंबर १९६६ रोजी भाषेच्या प्रश्नावर पंजाबची पुनर्रचना झाली. चंडीगढ केंद्रशासित होऊन पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी ठरले. अशा या शहरात १९६८ साली शिवकुमार बटालवी राहावयास आले. त्यांच्या आयुष्याची अवघी पाच वर्षे उरली होती. परंतु शहराच्या वाङ्मयीन स्मृतीत त्या पाच वर्षांचे स्थान अढळ झाले आहे.

शिवकुमारांचा जन्म २३ जुलै १९३६ रोजी शक्करगढ तहसिलीतील बडा पिंड लोहतियां या गावी झाला. काही कागदपत्रांत मात्र १९३७ साल आढळते. वडील पंडित कृष्णगोपाल महसूल खात्यात होते. फाळणीच्या वेळी गुरदासपूर जिल्ह्यापैकी हीच एक तहसील पाकिस्तानात गेली आणि अकरा वर्षांच्या मुलासह हे ब्राह्मण कुटुंब बटाल्यास आले. पुढे त्या गावाचे नाव शिवकुमारांनी आपल्या नावास कायमचे जोडले. मराठी वाचकास हा प्रदेश अगदीच परका नाही. ज्या घुमानशी संत नामदेवांच्या उत्तरायुष्याची परंपरा निगडित आहे आणि जेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते गाव बटाल्याच्याच परिसरातील होय. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. गाऊन ऐकविलेली कविता भाषेच्या सीमा कशी ओलांडते, याचा हा दाखला त्या मातीत पूर्वीपासून होता.

शिवकुमारांचे शिक्षण धड पार पडले नाही. १९५३ साली मॅट्रिक झाल्यावर बटाला, कादियां, बैजनाथ व नाभा येथील संस्थांत त्यांनी प्रवेश घेतला. पदवी कोठलीच हाती लागली नाही. वडिलांच्या आग्रहाने काही काळ तलाठ्याची, म्हणजे तिकडच्या पटवाऱ्याची नोकरी केली. बैजनाथच्या जत्रेत भेटलेल्या मैना नावाच्या मुलीच्या अकाली मृत्यूची हकीकत चरित्रकार आवर्जून सांगतात आणि तिच्यावरील विलापिका तिचा आधार मानली जाते. १९६० साली ‘पीडां दा परागा’ हा पहिला संग्रह आला आणि त्यानंतर जवळजवळ दरवर्षी एक पुस्तक प्रसिद्ध होत गेले. ‘बिरहा तूं सुलतान’ या १९६४ च्या संग्रहाच्या नावावरूनच लोक त्यांना विरहाचा सुलतान म्हणू लागले.

या लोकप्रियतेमागे पुस्तकांपेक्षा कवी-दरबारांचा वाटा मोठा होता. कवी-दरबार ही पंजाबी समाजातील जुनी व जिवंत प्रथा. तेथे कवी कविता वाचीत नाही, स्वरात म्हणतो. आणि श्रोत्यांत प्राध्यापकाशेजारी शेतकरी बसलेला असतो. महाराष्ट्रात रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाने जो श्रोतृवर्ग घडविला, किंवा पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर यांनी गावोगावी काव्यवाचनाने जो मेळविला, त्याच्याशी या प्रथेचे नाते सहज जुळते. शिवकुमारांचा आवाज आर्त होता आणि शब्दकळा खेड्यातील होती. पक्षी, झाडे, ओव्यांसारखी स्त्रीगीते, लग्नविधीतील आणि मृत्युविधीतील प्रतिमा यांतून त्यांची कविता घडली. गाव मागे टाकून सेक्टरांत आलेल्या माणसाला तीत आपले हरवलेले घर ऐकू येई.

या श्रवणाला त्या काळात आणखी एक अर्थ होता. १९५१ व १९६१ च्या जनगणनांच्या वेळी अनेक पंजाबी हिंदूंनी घरात पंजाबी बोलत असूनही मातृभाषा म्हणून हिंदीची नोंद केली होती. भाषा ही धर्माची खूण ठरू पाहत होती आणि प्रांताचे विभाजनही त्याच वादातून झाले. अशा वेळी ब्राह्मण कुळात जन्मलेला हा कवी पंजाबीखेरीज अन्य भाषेत व्यक्त होण्याचा विचार करीत नव्हता आणि शीख, हिंदू दोन्ही श्रोते त्याला आपला मानीत होते. त्यासाठी त्यांनी कोणतीही चळवळ केली नाही. एका मांडवात सर्वांना एकत्र बसविण्याचे काम त्यांच्या कवितेने केले.

त्यांच्या प्रतिभेचे खरे माप मात्र ‘लूणा’ या १९६५ च्या काव्यनाट्यात घ्यावे लागते. सियालकोटच्या राजा सलवानाची तरुण राणी लूणा सावत्र मुलगा पूरन याच्यावर अनुरक्त होते, नकार मिळताच त्याच्यावर आळ घेते, त्याचे हातपाय तोडले जातात आणि गोरखनाथ त्याला जीवदान देतात, अशी ही लोककथा. कादरयाराच्या एकोणिसाव्या शतकातील किश्शाने ती घरोघरी पोहोचविली होती. ‘नवनाथ भक्तिसार’ वाचणाऱ्यास चौरंगीनाथाच्या कथेत तिचेच रूप ओळखता येईल. परंपरेने लूणेला कुलटा ठरविले. शिवकुमारांनी प्रश्न उलटा केला : वयाने बापासारख्या राजाच्या गळ्यात बांधल्या गेलेल्या मुलीच्या इच्छेचा विचार कोणी केला काय? संस्कृत नाटकातील सूत्रधार व नटी यांची योजना करून त्यांनी दोष राणीकडून विवाहसंस्थेकडे वळविला. या कृतीस १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ते त्या काळातील सर्वांत तरुण मानकरी ठरले.

त्याच वर्षी अरुणा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे एक मुलगा व एक मुलगी झाली. चंडीगढात ते स्टेट बँकेच्या नोकरीत होते. १९७० साली ‘मैं ते मैं’ प्रसिद्ध झाले. परंतु वातावरण पालटत होते. नक्षलवादी चळवळीच्या प्रभावाखाली पाश व लालसिंह दिल यांची नवी कविता पुढे येत होती आणि वैयक्तिक दुःखाचा कवी म्हणून शिवकुमारांवर टीका होऊ लागली. श्रोत्यांना मात्र तीच जुनी विरहगीते पुन्हा पुन्हा हवी होती. समीक्षकाला नको असलेले आणि श्रोत्याने सोडू न दिलेले असे हे रूप त्यांना अखेरपर्यंत वागवावे लागले. मद्यपानाने प्रकृती ढासळली. १९७२ साली इंग्लंडचा दौरा झाला. तेथे बीबीसीने घेतलेल्या मुलाखतीच्या चित्रफितीत त्यांचा थकलेला चेहरा आजही पाहावयास मिळतो. परतल्यावर यकृताच्या विकाराने ते खंगत गेले आणि ६ मे १९७३ रोजी कीडी मंग्याल या सासरच्या गावी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांची गीते जगजितसिंह, नुसरत फतेह अली खान यांच्यासारख्या गायकांच्या कंठातून सीमेच्या दोन्ही बाजूंस पोहोचली. चंडीगढात व पंजाबात त्यांच्या नावाने मैफली आणि कवी-दरबार भरत आले आहेत. अशा मेळाव्यांत बहुधा तरुण वयात गेलेल्या प्रेमिकाची आख्यायिका गायिली जाते. तिला आक्षेप घेण्याचे कारण नाही, कारण विस्कटलेल्या समाजाला एकत्र येण्यास गाणेच उपयोगी पडते. मात्र विरहाचा सुलतान या उपाधीत लूणेचा प्रश्न बुडून जाऊ नये. ज्या मांडवात कवीची गीते म्हटली जातात तेथे तिलाही बोलू दिले, तरच त्या नगरीने आपल्या कवीला पुरते ऐकले असे म्हणता येईल.