मागण्यापलीकडचं देणं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की गावोगावी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. प्रत्येकाचा संकल्प वेगळा. कुणाला मुलीचं लग्न जमायला हवं, कुणाला नोकरी, कुणाला दुखण्यातून सुटका. पारायण पूर्ण होतं, प्रसाद होतो, आणि काहींच्या मनात एक प्रश्न उरतो. एवढं मनापासून करूनही महाराजांनी ऐकलं का नाही? ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी यंदा मी प. पू. श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबेस्वामी महाराज, यांचं चरित्र थोडक्यात सांगतो.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करायला हवी. गणेशभट टेंबे हे सावंतवाडीजवळच्या माणगावचे. मन संसारात रमेना, म्हणून गाणगापूरला गेले आणि बारा वर्षं सेवा करून राहिले. आता इथेच देह ठेवावा अशी त्यांची ओढ. पण दृष्टांत झाला तो घरी परत जाण्याचा. देवाच्या दारी राहायला मागावं आणि देवानेच घरी पाठवावं! दुसरा कुणी असता तर रुसला असता. गणेशभट परतले, संसाराला लागले. त्या घरात रमाबाईंच्या पोटी १३ ऑगस्ट १८५४ रोजी, श्रावण वद्य पंचमीला, महाराजांचा जन्म झाला. दत्तप्रभूंनी त्यांच्या पोटी येण्याचं वचन दिलं होतं, असं आपली परंपरा सांगते. गाणगापूरचा मुक्काम नाकारला गेला, तो यासाठी.

वासुदेवशास्त्री लहानपणीच वेदविद्येत तयार झाले. ज्योतिष शिकले. एकविसाव्या वर्षी अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. नरसोबाच्या वाडीची ओढ लागली आणि तिथेच उपासनेची दिशा मिळाली. १८८३ साली त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभं केलं. सात वर्षं तिथे पूजा, उत्सव, अन्नदान चाललं. लोक येत होते, गाऱ्हाणी सांगत होते, समाधानाने जात होते. देवाचं घर आणि आपलं घर जणू एकच झालं होतं. आणि आज्ञा झाली, इथून निघ. पती-पत्नी निघाली. मागे मंदिर राहिलं, माणसं राहिली.

बघा कसं आहे. वडील घर सोडून देवाकडे आले, तर त्यांना घरी धाडलं. मुलगा देवाला आपल्या गावी घेऊन बसला, तर त्याला घर सोडायला लावलं.

पुढचा भाग लिहिताना हात जड होतो. त्यांच्या संसारात मूल झालं, पण ते हाती लागलं नाही. १८९१ साली गोदातीरी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई गेल्या. ज्यांच्याकडे लोक आपली दुखणी घेऊन येत, त्यांच्याच घरी हे घडलं. चौदाव्या दिवशी त्यांनी तिथेच संन्यास घेतला. पुढे उज्जैनला श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड मिळाला आणि वासुदेवानंद सरस्वती हे नाव जगापुढे आलं. बाईंचा मृत्यू हा यासाठीच झाला, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. त्या माउलीने माणगावचं सुख आणि वनवास दोन्ही पतीबरोबर सोसले होते. मी एवढंच म्हणतो की त्या दुःखातही महाराजांनी दत्ताचा हात सोडला नाही, आणि दत्ताने त्यांचा.

नंतर तेवीस चातुर्मास झाले, हिमालयापासून थेट दक्षिणेपर्यंत, अनवाणी पायांनी. जवळ दंड, कमंडलू, नेसूची वस्त्रं, पोथी आणि लहानशी दत्तमूर्ती. ग्रहणीचा विकार जन्मभर पाठीशी. हे दुखणं गेलं नाहीच. पण याच देहाने दत्तपुराण लिहिलं, द्विसाहस्री आणि सप्तशती गुरुचरित्र लिहिलं. वाडीला करुणात्रिपदी केली, जी आज घराघरांत संध्याकाळी म्हटली जाते. आणि १९११ च्या चातुर्मासात कुरवपूरला, भक्तांचे कष्ट पाहून, घोरकष्टोद्धरण स्तोत्र दिलं. स्वतःचे कष्ट तसेच आणि लेखणीतून उतरलं ते दुसऱ्यांच्या कष्टांवरचं औषध! मला वाटतं, महाराजांना मिळालेलं देणं ते हेच. दुखणं हरलं नाही, पण दुखणाऱ्या लाखो लोकांना आधार देण्याची ताकद आली.

वडिलांच्या शेवटच्या आजारात आमच्या घरी याच स्तोत्राचे रोज पाठ होत. आम्हा दोघा भावांत वाटणीवरून काही वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांसाठी म्हणून दोघे एका चटईवर बसू लागलो. एकाचा श्लोक अडला की दुसरा पुढे म्हणायचा. वडील गेले. जे मागितलं ते मिळालं नाही, आणि त्याचं दुःख आजही आहे. पण स्तोत्राचा अर्थ नीट पाहिला तेव्हा ध्यानात आलं की ते नुसतं कष्ट घालवायला सांगत नाही. धर्मावर प्रीती, सद्बुद्धी, भक्ती, सज्जनांचा सहवास, हेही त्यात मागितलेलं आहे. आमच्या तोंडून ते रोज मागितलं जात होतं आणि त्यातलं बरंच दिलंही गेलं होतं. वडिलांनी डोळे मिटले तेव्हा आम्ही दोघे भाऊ त्यांच्या उशाशी एकत्र होतो.

२४ जून १९१४ रोजी, आषाढ शुद्ध प्रतिपदेला, नर्मदाकाठी गरुडेश्वरला महाराजांनी देह ठेवला. माणगावचं मंदिर आजही आहे, गरुडेश्वरची समाधी आहे, वाडीची त्रिपदी आहे. श्रीगुळवणी महाराज, श्रीरंगावधूत महाराज, श्रीनाना महाराज तराणेकर यांच्या रूपाने तो प्रवाह महाराष्ट्र, गुजरात, माळव्यात पसरला. ज्यांचं घर एका मुलाविना राहिलं, त्यांना आज किती घरं आपले म्हणतात!

तेव्हा मंडळी, यंदाही संकल्प जरूर करा. लेकराने आईकडे मागायचं नाही तर कुणाकडे? दुखण्याला औषधपाणीही करा, ते सोडू नका. फक्त पारायण संपल्यावर हिशेब मांडताना न मिळालेल्याच्या शेजारी जे न मागता आलं तेही लिहा. पाळण्याची दोरी ओढताना महाराजांना एवढंच सांगू या की मागणं आमचं आणि देणं तुमच्या मनासारखं.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥