इटलीचे पहिले राजे व्हिक्टर इमॅन्युएल : राजमुकुट आणि सद्सद्विवेक

रोम हे ख्रिस्तसभेचे केंद्र. परंतु तेच शहर इटलीची राजधानी कसे झाले, ही कथा आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. इ. स. १८७० पूर्वी सुमारे अकराशे वर्षे रोमवर पोप महाशयांची राजसत्ता होती. ज्यांच्या कारकिर्दीत ती लयास गेली, ते राजे व्हिक्टर इमॅन्युएल दुसरे हे कॅथलिकच होते.

त्यांचा जन्म १४ मार्च १८२० रोजी तुरीन येथे साव्हॉय राजघराण्यात झाला. प्रभू येशूचे म्हणून पूजिले जाणारे पवित्र कफन पिढ्यान्‌पिढ्या ह्याच घराण्याने जतन केले होते. त्या काळी इटली अनेक राज्यांत विभागलेली होती. मार्च १८४९ मध्ये नोव्हारा येथे ऑस्ट्रियाकडून पराभव होताच पिता चार्ल्स अल्बर्ट ह्यांनी राजत्याग केला आणि एकोणतिसाव्या वर्षी व्हिक्टर इमॅन्युएल सार्डिनिया-पिडमाँटचे राजे झाले. इतर राजांनी प्रजेला दिलेली संविधाने मागे घेतली. ह्यांनी मात्र १८४८ चे संविधान कायम ठेवले. त्यामुळे प्रजा त्यांना सज्जन राजा म्हणू लागली.

ख्रिस्तसभेशी संघर्ष लवकरच सुरू झाला. १८५० साली धर्मगुरूंची स्वतंत्र न्यायालये बंद करणारे कायदे झाले आणि तुरीनच्या महागुरुस्वामींना हद्दपार व्हावे लागले. पुढे पंतप्रधान काव्हूर ह्यांच्या सरकारने एक विधेयक मांडले. शिक्षण, प्रवचन वा रुग्णसेवा न करणारे मठ त्यान्वये बंद होणार होते. राजवाड्यात मोठ्या अंत्ययात्रा निघतील, असा इशारा संत जॉन बॉस्को ह्यांनी राजांना पत्राने दिल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. १८५५ च्या जानेवारीत राजांची आई आणि पत्नी राणी अॅडिलेड, तर फेब्रुवारीत त्यांचा भाऊ मरण पावला. मे महिन्यात तान्हा पुत्रही गेला. दुःखाने खचलेल्या राजांनी तडजोडीचा एक प्रयत्न केला, परंतु तो फसला. २९ मे रोजी त्या कायद्यावर त्यांची स्वाक्षरी झाली आणि तीनशेहून अधिक मठ बंद पडले.

त्यानंतर घटना वेगाने घडल्या. फ्रान्सची मदत मिळावी म्हणून १८५९ च्या आरंभी राजांनी आपली पंधरा वर्षांची कन्या क्लोटिल्ड फ्रेंच सम्राटांच्या चुलतभावास दिली. त्याच वर्षी ऑस्ट्रियाशी युद्ध होऊन लोंबार्दी प्रांत मिळाला. १८६० मध्ये पोप महाशयांच्या राज्याचाही भाग ताब्यात घेतला जाऊ लागला. तेव्हा पोप पायस नववे ह्यांनी ह्या कृत्यास जबाबदार असणाऱ्या सर्वांना, कोणाचेही नाव न घेता, धर्मबहिष्कृत केले. त्याच साली सेनानी गॅरिबाल्डी ह्यांनी दक्षिण इटली जिंकून राजांच्या स्वाधीन केली आणि १७ मार्च १८६१ रोजी व्हिक्टर इमॅन्युएल संयुक्त इटलीचे पहिले राजे झाले.

रोमचे रक्षण फ्रेंच सैन्य करीत होते. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटल्याने ते मायदेशी परतले. राजांनी पोप महाशयांना आदरपूर्वक पत्र धाडून रोम स्वाधीन करण्याची विनंती केली. ती नाकारली गेली. २० सप्टेंबर रोजी इटलीच्या तोफांनी पोर्ता पियाजवळचा तट फोडला. रक्तपात वाढू नये म्हणून पोप महाशयांनी प्रतिकार थांबवला आणि पुढे व्हॅटिकनबाहेर पाऊल टाकले नाही. सरकारने १८७१ मध्ये देऊ केलेले वार्षिक ३२ लाख २५ हजार लिरे त्यांनी स्वीकारले नाहीत. पोप महाशयांचा क्विरिनाल राजवाडा आता राजांचे निवासस्थान झाला.

राजे खाजगी जीवनात निष्कलंक नव्हते. परंतु श्रद्धेचा धागा त्यांनी पूर्णपणे तोडला नव्हता. १८६९ मध्ये मृत्यू समोर दिसताच अनेक वर्षांची सहचारिणी रोझा व्हेर्चेल्लाना हिच्याशी त्यांनी धर्मविधीने विवाह केला. जानेवारी १८७८ मध्ये ते क्विरिनालमध्ये अखेरच्या आजाराने खिळले. हे कळताच, ज्यांचे राज्य त्यांनी घेतले होते त्याच पायस नववे ह्यांनी त्यांच्या संस्कारस्वीकारातील अडथळा दूर केला. दरबारी धर्मगुरूंकडे पापनिवेदन करून आणि ख्रिस्तशरीर स्वीकारून राजांनी ९ जानेवारी रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, देह ठेवला. रोममधील पँथेऑन ह्या प्राचीन चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. महिनाभराच्या आत, ७ फेब्रुवारीला, पोप महाशयही प्रभुचरणी विलीन झाले.

राज्याचा वाद मात्र मिटायला १९२९ चा लॅटरन करार यावा लागला. १९४६ च्या सार्वमताने इटलीतील राजेशाही संपली. अखेरचे राजे उंबेर्तो दुसरे १९८३ मध्ये वारले, तेव्हा मृत्युपत्राने त्यांनी ते पवित्र कफन पोप महाशयांना अर्पण केले.

प्रिय वाचकहो, पायस नववे ह्यांनी रोमवरील आपला हक्क शेवटपर्यंत सोडला नाही. तरीही मरणाऱ्या माणसाच्या आत्म्याआड त्यांनी तो हक्क येऊ दिला नाही. जमीन, बांध आणि वाटणी ह्यांवरून आपल्याही घराघरांत वर्षानुवर्षे अबोला असतो. हक्काचा निवाडा होईल तेव्हा होवो. आजारी भावाच्या उशाशी जाऊन बसण्यास त्याची वाट पाहावी लागत नाही.