बडोद्याची शिष्यवृत्ती आणि एक खोली

सयाजीराव महाराजांच्या दातृत्वाविषयी बोलताना आम्ही बडोदेकर मराठी माणसे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव अभिमानाने घेतो. मात्र ती हकीकत आम्ही बहुधा अर्धीच सांगतो.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. 1907 साली ते मुंबईत मॅट्रिक झाले. पुढे वडिलांच्या पेन्शनीत कॉलेजचा खर्च निभेना. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाला भेटीला बोलावले, प्रश्न विचारले आणि दरमहा 25 रुपये मंजूर केले.

बी.ए. झाल्यावर 1913 च्या जूनमध्ये भीमरावांनी करारावर सही केली: परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. त्या बदल्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. 1915 मध्ये ते एम.ए. झाले, पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपताच तिथला अभ्यास अर्धा टाकून 1917 साली करार पाळायला बडोद्यात हजर झाले.

नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. या शहरात तेव्हाही मराठी वाडे पुष्कळ होते. त्यांतल्या एकातही त्यांना खोली मिळाली नाही. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे विचारून पाहिले. दोघांनीही अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत काढला आणि मुंबई गाठली.

पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. त्यानंतर त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. फीइतकीच राहण्याची सोयही महत्त्वाची, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

उत्सवात आम्ही गरजू विद्यार्थ्यांना मदत देतो. अर्जात गुण विचारतो, घरचे उत्पन्न विचारतो. यंदापासून आणखी एक प्रश्न विचारू या: राहणार कुठे? आणि उत्तर कोरे आले, तर आपल्यापैकी कोणाच्या तरी घराचे दार उघडावे. गणरायाचरणी तेवढीच प्रार्थना.