लोकांचा निवाडा

वर्ध्यातील व्यापाऱ्यांमध्ये बच्छराज बजाज यांचे नाव मोठे होते. पेढीचा व्याप दांडगा होता, घरात लक्ष्मी नांदत होती. पण वंशाला वारस नव्हता. म्हणून राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास नावाच्या लहानशा खेड्यातून त्यांनी एक मुलगा नातू म्हणून दत्तक घेतला. ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जन्मलेला हा मुलगा म्हणजेच पुढे साऱ्या देशाला परिचित झालेले जमनालाल बजाज. वर्ध्याला आले तेव्हा ते जेमतेम चार-पाच वर्षांचे होते. शालेय शिक्षण फार झाले नाही. पेढीवर बसूनच ते व्यवहार शिकले.

जमनालाल सतरा वर्षांचे असताना घरातील मंडळी एका लग्नास निघाली. श्रीमंत घराण्याला शोभेल असे दागिने नातवाने अंगावर घालावेत, अशी आजोबांची इच्छा होती. जमनालालांना दागिन्यांचा सोस नव्हता. त्यांनी नकार दिला. बच्छराज मुळातच तापट होते. रागाच्या भरात ते नातवाला पुष्कळ टाकून बोलले. हा मुलगा आपल्या पैशासाठीच या घरात आहे, असा त्या बोलण्याचा रोख होता.

एका नकारावरून आजोबांनी नातवाच्या मनाचा असा निवाडा केला. जमनालालांनी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी मुद्रांकाचा कागद घेतला आणि त्यावर आजोबांच्या संपत्तीवरील आपला सर्व हक्क सोडल्याचे लिहून दिले. आपण अंगावरच्या कपड्यांनिशी जात आहोत, आजोबांनी मनाला त्रास करून घेऊ नये, असेही त्या पत्रात होते. रागाचा एक शब्द त्यात नव्हता. पत्र ठेवून ते घराबाहेर पडले. ते वाचताच म्हातारा विरघळला. माणसे धाडून नातवाचा शोध घेण्यात आला आणि मोठ्या मिनतवारीने त्यांना परत आणण्यात आले. १९०७ साली बच्छराज वारले आणि ती सारी दौलत जमनालालांकडे आली. परंतु ज्या धनावर आपण एकदा पाणी सोडले ते आपले नव्हे, आपण त्याचे केवळ विश्वस्त आहोत, ही भावना त्यांच्या मनात कायम राहिली.

ही भावना लोकांना कशी दिसावी? लोकांना दिसतो तो माणसाचा पोशाख, त्याचा वाडा, त्याच्या दारातील गाडी. ऐन तारुण्यात सरकारने त्यांना मानद न्यायाधीश नेमले. १९१८ साली रावबहादुरांच्या तोलाची रायबहादूर ही पदवी दिली. सरकारदरबारी वजन असलेला शेठ, एवढीच त्यांची ओळख पुष्कळांना पुरेशी वाटत होती. पुढे महात्मा गांधींशी त्यांचा निकटचा संबंध आला. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष झाले. आपल्याला पाचवा पुत्र मानावे, अशी विनंती त्यांनी गांधीजींना केली, आणि गांधीजींनी ती मान्य केली. १९२१ साली त्यांनी रायबहादुरकी सरकारला परत केली. असहकारासाठी वकिली सोडलेल्यांच्या कुटुंबांची आबाळ होऊ नये म्हणून एक लाख रुपये दिले. ज्या पदवीसाठी लोक साहेबांच्या बंगल्यावर खेटे घालीत, ती एखाद्याने आपण होऊन परत करावी, हे जुन्या वळणाच्या माणसांना कसे उमगावे? कापडवाला आपल्याच गजाने कापड मोजतो, तसेच माणूस आपल्याच हेतूंच्या मापाने दुसऱ्याचे वर्तन मोजतो. ज्याला मानाची हाव असते, त्याला मान नाकारणारा माणूस एक तर वेडा वाटतो, नाही तर लबाड.

या मोजमापाची खरी कसोटी १९२८ साली लागली. वर्ध्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर बच्छराजांनी बांधलेले होते. त्याचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना बंद होते. दाराबाहेर थांबणाऱ्या माणसाचे आचरण कसे आहे, तो सत्य बोलतो की असत्य, निर्व्यसनी आहे की व्यसनी, याची चौकशी कोणीही करीत नसे. त्याचा जन्म कोठे झाला एवढे कळले की त्याचा निवाडा होऊन जाई. माणसाला न ओळखता त्याच्याविषयी ठरवून टाकण्याचे याहून मोठे उदाहरण आपल्या देशात सापडणार नाही. आदल्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते आणि हा निवाडा आपल्याला मान्य नाही, हे साऱ्या देशाला बजावले होते.

जमनालालजींनी मंदिराच्या विश्वस्तांशी विचारविनिमय केला आणि मंदिर सर्वांना खुले केले. त्या वेळी विनोबाही वर्ध्यालाच होते. जमनालालजींच्या आग्रहावरून १९२१ साली तेथे आश्रम सुरू झाला होता आणि विनोबा तो चालवीत होते. या कार्यात त्यांचा पाठिंबा होता. मंदिराचे दार उघडले, तशी कर्मठांची तोंडेही उघडली. धर्म बुडाला, आजोबांच्या पुण्याईवर नातवाने पाणी ओतले, असे त्यांना वाटले. बहिष्काराची भाषा सुरू झाली. स्वतः जमनालालजी रोज किती श्रद्धेने ईश्वराचे नाव घेत, हे या मंडळींना ठाऊक नव्हते असे नाही. पण चालत आलेली रूढी मोडली की माणसाला आपल्या पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते, आणि भ्यालेला माणूस विचार करीत बसत नाही. जमनालालजींनी कोणाशी भांडण मांडले नाही, रागावलेल्यांना नावे ठेवली नाहीत आणि दारही पुन्हा बंद केले नाही. आपल्या मालकीच्या विहिरीही त्यांनी सर्वांना खुल्या केल्या.

त्यानंतरची वर्षे तुरुंगवाऱ्यांत आणि धावपळीत गेली. मिठाच्या सत्याग्रहात १९३० साली त्यांना शिक्षा झाली. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेथील बरीचशी जमीन जमनालालजींचीच होती. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. काँग्रेसचा खजिना अनेक वर्षे त्यांच्या हाती होता.

एका गोष्टीत मात्र जमनालालजी स्वतःही निवाडा करण्यास अतिशय तत्पर होते. तो निवाडा त्यांच्या स्वतःविषयी असे. ते दैनंदिनी ठेवीत. गांधीजींना लिहिलेल्या पत्रांत ते आपल्या मनाचे दोष आडपडदा न ठेवता मांडीत आणि अशा मोठ्या पदांवर राहण्यास आपण पात्र नाही, असे कळवीत. आयुष्यभर जमाखर्च तपासलेल्या या व्यापाऱ्याने स्वतःच्या खात्यात नावेची बाजूच अधिक बारकाईने पाहिली. गांधीजींना पुष्कळदा त्यांची समजूत घालावी लागे. इतरांच्या चुका पोटात घालणारा हा माणूस स्वतःला मात्र क्षमा करीत नसे.

१९४१ साली कारागृहातून सुटल्यावर त्यांनी गोसेवेचे काम पत्करले. वर्ध्याजवळ गोपुरी येथे एक साधी झोपडी उभारून ते तेथे राहू लागले. ज्यांच्या घरी देशभरातील पुढाऱ्यांची ऊठबस होती, ते शेठजी आता गाईंच्या गोठ्यात दिसू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच त्यांचे देहावसान झाले. तेव्हा ते अवघे बावन्न वर्षांचे होते. त्यांच्या पत्नी जानकीदेवी यांनी आपली संपत्ती गोसेवेला अर्पण केली आणि पतीने हाती घेतलेले ते काम पुढे चालविले.