द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर, १९१० – ९ डिसेंबर, १९४२) हे भारतीय शल्यचिकित्सक होते. चीन-जपान युद्धात जखमी सैनिक व ग्रामस्थांवर उपचार करण्यासाठी गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे ते सदस्य होते. चीनमध्ये ते को दिहुआ या नावाने ओळखले जातात.

शिक्षण

कोटणीस यांचा जन्म सोलापूर येथे झाला. त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच त्यांनी चीनला जाण्याचा निर्णय घेतला.

वैद्यकीय पथक

चिनी सेनानी चू ते यांच्या विनंतीवरून भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अलाहाबादचे मदनमोहन अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कोलकात्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी आणि कोटणीस हे अन्य सदस्य होते. १९३९ च्या प्रारंभी पथक येनान येथे पोहोचले. पुढे अटल, चोळकर व मुखर्जी मायदेशी परतले. कोटणीस व बसू चीनमध्येच राहिले.

शल्यचिकित्सा व अध्यापन

कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांचा नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन मृत्यू झाला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. जपानी नाकेबंदीमुळे औषधे व उपकरणे दुर्मीळ होती, तसेच आघाडीच्या हालचालींनुसार रुग्णालय गावोगावी हलवावे लागे. प्रशिक्षित शल्यचिकित्सकांची उणीव परदेशी डॉक्टरांच्या अल्पकालीन सेवेने भरून निघणारी नव्हती. त्यामुळे कोटणीस यांनी चिनी भाषा आत्मसात केली, बेथून वैद्यकीय विद्यालयात स्थानिक विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवले आणि त्यांच्यासाठी चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिले. शल्यशास्त्रावरील त्यांचा दुसरा ग्रंथ अपूर्ण राहिला. या विद्यालयाच्या परंपरेतून पुढे चांगचुन येथील बेथून वैद्यकीय विद्यापीठ उभे राहिले. ते २००० साली चीलिन विद्यापीठात विलीन झाले.

वैयक्तिक जीवन व निधन

१९४१ मध्ये कोटणीस यांनी परिचर्या-शिक्षिका को छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपस्माराच्या झटक्याने वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्मृती

हेबेई प्रांतातील शीच्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात कोटणीस यांची समाधी आहे. व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट काढला. सोलापूर येथील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर करण्यात आले आहे.