मॅक्स फॅक्टर यांचा पातळ थर

शाळेच्या गॅदरिंगच्या संध्याकाळी एखाद्या रिकाम्या वर्गात मुलं रांगेने बसलेली असतात आणि ओल्या स्पंजने त्यांच्या चेहऱ्यांवर भराभर पॅनकेक चढत असतो. सावळ्या, गव्हाळ, गोऱ्या अशा सगळ्यांना एकच डबी. पाच मिनिटांत सगळे चेहरे एका रंगाचे होतात आणि मान मात्र ज्याची त्याची राहते. मराठी नाटकाच्या रंगपटापासून नृत्याच्या क्लासपर्यंत रुळलेला हा पॅनकेक मुळात एका वस्तूचे व्यापारी नाव आहे. ती वस्तू १९३७ मध्ये हॉलिवूडमध्ये तयार झाली आणि तिच्यामागचा हेतू नेमका उलटा होता. चेहऱ्यावर काही लावले आहे हे बघणाऱ्याला कळूच नये, यासाठी मॅक्स फॅक्टर या माणसाने आयुष्य घालवले होते.

त्यांचे मूळ नाव मॅक्सिमिलियन फॅक्टरोविच. जन्म १८७० च्या दशकात, लॉड्झ या गिरण्यांच्या शहराच्या परिसरात, एका गरीब ज्यू कुटुंबात. आज हा भाग पोलंडमध्ये आहे, तेव्हा तो रशियन साम्राज्यात होता. शाळेत जाण्याच्या वयात हा मुलगा औषधे बनवणाऱ्याच्या हाताखाली राबत होता आणि नंतर केसांचे टोप विणणाऱ्याकडे शिकाऊ म्हणून लागला. एकेक केस जाळीत ओवण्याचे ते काम डोळे आणि बोटे दोन्हींची परीक्षा पाहणारे होते. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो मॉस्कोच्या ऑपेरात टोप आणि रंगभूषेचे काम करू लागला. सक्तीची लष्करी नोकरी संपल्यावर रियाझान या गावात त्याने स्वतःचे छोटे दुकान थाटले.

तिथून गाठ पडली ती थेट झारच्या दरबाराशी. दरबारी मंडळींच्या चेहऱ्यातले उणे झाकायचे आणि अधिक ते उठावदार करायचे, हे त्यांचे काम. पण ज्यूंवरचे हल्ले वाढत होते आणि दरबारातल्या माणसाला मोकळेपणाने संसार करण्याचीही मुभा नव्हती. त्यांनी लग्न गुपचूप केले होते. देश सोडण्यासाठी त्यांनी चेहऱ्यावर पिवळट रंग लावून काविळीचे सोंग आणले आणि हवापालटासाठी परवानगी मिळवून बायकामुलांसह निसटले, अशी कथा सांगितली जाते. ती खरी असो वा थोडी रंगवलेली, १९०४ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत पोहोचले एवढे नक्की. सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी टोप आणि प्रसाधने विकायला मांडली. भागीदार पैसे घेऊन पळाला, दोन वर्षांत पत्नी एस्थर वारल्या, आणि १९०८ मध्ये मॅक्स फॅक्टर मुलांना घेऊन लॉस एंजेलिसला आले. सिनेमाचा धंदा तिथे नुकताच पाय रोवत होता.

त्या काळी सिनेमातल्या नटनट्या स्वतःची रंगभूषा स्वतःच करत. रंगभूषाकार नावाचा स्वतंत्र माणूस स्टुडिओत नसे. कोणी व्हॅसलिनमध्ये पीठ कालवी, कोणी डुकराच्या चरबीत मक्याचे पीठ, कोणी कोल्ड क्रीममध्ये तिखटाची पूड. जे जरा जाणकार होते ते नाटकात वापरायची तेलकट रंगाची कांडी लावत. हा रंग जाडच लावावा लागे, आणि वरून पावडर. नाटकाच्या शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला तो ठीक दिसे. कॅमेरा मात्र अगदी नाकासमोर येऊन उभा राहत होता. नट हसला की गालावरचा थर तडकायचा आणि पडद्यावर तो तडा हातभर मोठा दिसायचा.

फॅक्टर यांनी १९१४ मध्ये यावर उपाय काढला तो क्रीमच्या रूपातल्या, लवचिक रंगाचा. तो बारा छटांमध्ये मिळे, अत्यंत पातळ लागे आणि चेहऱ्याच्या स्नायूंबरोबर हलत असे. आज बाजारात मिळणाऱ्या फाउंडेशनचा हा थेट पूर्वज. (त्याच सुमारास ते आपले खऱ्या केसांचे महागडे टोप सिनेमावाल्यांना भाड्याने देत आणि ते चोरीला जाऊ नयेत म्हणून आपल्या मुलांना गर्दीच्या दृश्यांत नट म्हणून उभे करत. दृश्य संपले की मुले टोप गोळा करून घरी आणत.)

ओठांचीही अशीच अडचण होती. दिव्यांच्या उष्णतेने ओठांवरचा रंग वितळून कोपऱ्यांत पसरे. तेव्हा त्यांनी ओठांच्या कडा आधी पायाच्या रंगाने झाकल्या आणि वरच्या ओठावर अंगठ्याचे दोन ठसे, खालच्या ओठावर एक, एवढाच रंग दिला. मूकपटातल्या नायिकांचे ते कळीसारखे ओठ ही फॅशन पुढे झाली. सुरुवातीला ती निव्वळ घामावरची तोड होती.

फॅक्टर यांचे खरे कौशल्य मात्र प्रकाश ओळखण्यात होते. मूकपटांच्या फिल्मला निळा-हिरवा प्रकाश दिसे, पण लाल दिसत नसे. जे लाल, ते पडद्यावर काळपट. माणसाच्या त्वचेखालून रक्त वाहते, म्हणजे लाली प्रत्येक चेहऱ्यात असतेच. त्यामुळे गोरे गालही डागाळलेले आणि मळकट दिसत. म्हणून स्टुडिओत लावायचे रंग पिवळट, कधी कधी हिरवट असत आणि प्रत्यक्षात तो नट आजारी वाटे. १९२८ च्या सुमारास सगळे रंग टिपणारी फिल्म सर्वत्र आली आणि बोलपटांमुळे गुणगुणणाऱ्या कार्बन दिव्यांच्या जागी बिनआवाजी टंगस्टनचे दिवे लागले. या दिव्यांच्या प्रकाशात लाल-पिवळा भाग जास्त असतो. कालपर्यंत चालणारी सगळी रंगपेटी एका फटक्यात निरुपयोगी झाली. फॅक्टर यांनी कॅमेरामनच्या चाचण्यांत बसून नवी छटामाला तयार केली आणि त्याबद्दल ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांचा खास गौरव केला.

घरी आरशासमोर बसणाऱ्याला त्यांच्या आयुष्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही. रंग चेहऱ्याला लावला जातो, पण दिसतो तो दिव्यात. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली लावलेली लाली उन्हात भडक वाटते, कारण पिवळा दिवा लाल रंग सौम्य करून दाखवतो. दिवसाच्या कार्यक्रमाला जायचे तर खिडकीशी बसून तयार व्हावे, आणि संध्याकाळी हॉलमध्ये जायचे तर तशाच दिव्यात एकदा पाहून घ्यावे. फोटोत चेहरा एकदम पांढराफटक येतो त्याचेही कारण प्रकाशातच आहे. अनेक पावडरींत आणि सनस्क्रीनमध्ये असलेले टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड फ्लॅशचा झोत सरळ कॅमेऱ्याकडे परत पाठवते.

सिनेमाचा हा माल सामान्य बायकांपर्यंत न्यायचा म्हणजे मोठी अडचण होती. मेकअप हा शब्दच तेव्हा सभ्य घरात चालत नसे, तो नाटकवाल्यांचा. फॅक्टर यांनी १९२० मध्ये आपल्या घरगुती प्रसाधनांना सोसायटी मेकअप असे नाव दिले आणि तो शब्द हळूहळू घरात शिरला. त्वचा, डोळे आणि केस यांचा रंग एकत्र धरून पावडर, लाली आणि ओठांचा रंग निवडायचा, असे त्यांचे कोष्टक होते. मासिकातल्या जाहिरातीचे कूपन भरून पाठवले की टपालाने आपापली निवड कळायची. १९३५ मध्ये हॉलिवूडमध्ये उघडलेल्या त्यांच्या इमारतीत तर सोनेरी केसांच्या बायकांसाठी निळी खोली, लाल केसांच्या बायकांसाठी हिरवी, अशी विभागणी होती. भिंतीच्या रंगामुळे चेहरा खुलून दिसावा म्हणून.

या कोष्टकात आपली जागा कुठे? जवळजवळ कुठेच नाही. ते युरोपीय वंशाच्या बायकांसाठी बेतलेले होते. आपल्याकडे केस काळे आणि डोळे तपकिरी-काळे हे बहुतेक ठरलेलेच; फरक आहे तो त्वचेच्या छटेत, आणि तिथे मात्र रत्नागिरीपासून चंद्रपूरपर्यंत असंख्य प्रकार आहेत. गोरेपणाच्या हव्यासाने दोन छटा उजळ फाउंडेशन घेणे ही आपल्याकडची सर्रास चूक. मेलॅनिन जास्त असलेल्या त्वचेवर फिकट रंगद्रव्य बसले की चेहरा उजळत नाही, राखाडी दिसतो. छटा पारखायची ती मनगटावर नव्हे, जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात. लावलेली रेघ जिथे दिसेनाशी होईल ती आपली.

फॅक्टर यांच्या हातून एक विक्षिप्त यंत्रही झाले. १९३२ च्या सुमाराचा तो पट्ट्यांचा आणि स्क्रूंचा धातूचा सांगाडा डोक्यावर चढवून चेहऱ्यातली सूक्ष्म विषमता मोजायची, म्हणजे ती रंगाने दुरुस्त करता येईल. फोटोत ते छळाचे हत्यार वाटते. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, हे त्यातून दिसले असेल तेवढेच. ते प्रसाधनगृहांत काही रुजले नाही.

मग रंगीत सिनेमा आला. टेक्निकलर कॅमेऱ्यासमोर जुना तेलकट रंग चकाके आणि आजूबाजूचे रंग चेहऱ्यावर उमटत. लाल पडद्याजवळ उभी नटी लालसर, हिरवळीवर हिरवट. कलाकार वैतागले. बिनचकाकीचा, तेलाऐवजी शंखजिऱ्याच्या पायावर बनवलेला नवा रंग शोधण्याचे काम मॅक्स यांच्यासह मुलगा फ्रँक याने तडीस नेले. चपट्या डबीतली ती घट्ट वडी म्हणजेच पॅनकेक. ओला स्पंज फिरवायचा, अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक थर द्यायचा. खालची त्वचा दिसत राहायची. चित्रीकरण संपले की नट्या सेटवरच्या डब्या पर्समध्ये घालून घरी नेऊ लागल्या. स्टुडिओच्या प्रखर दिव्यांसाठी बनवलेल्या त्या छटा घराबाहेर गडद दिसत, म्हणून घरगुती वापरासाठी त्या फिकट करून बाजारात आणल्या गेल्या आणि प्रचंड खपल्या.

आपल्या गॅदरिंगला होते ते याच्या अगदी विरुद्ध. स्पंज कमी ओला, थर जाड, वर घासणे. ओलसर स्पंज टेकवत, दाबत लावला आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ दिले, तर तीच डबी वेगळी दिसते. केसांची कड, कानाची पाळी आणि गळा विसरू नये. आणि एक स्पंज तीस मुलांच्या चेहऱ्यांवरून फिरवू नये. ओल्या स्पंजात जंतू मजेत वाढतात. नायटा, पुळ्या, डोळे येणे हे सगळे त्यावरून एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. प्रत्येकाला स्वतंत्र तुकडा कापून देणे काही महाग नाही.

त्या दशकात अमेरिकेत प्रसाधनांच्या सुरक्षिततेवर कोणाचेही बंधन नव्हते. फॅक्टर यांच्याशी संबंध नसलेल्या एका पापण्यांच्या कलपाने तर १९३० च्या दशकात काही स्त्रियांची दृष्टी घेतली. त्यातले रसायन आजच्या अनेक केसांच्या कलपांत आणि झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत आढळणाऱ्या पीपीडीच्या वर्गातले होते. असे काही नवे लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस थांबावे, असे त्वचातज्ज्ञ सांगतात ते त्यामुळेच. आणि केसांचा कलप भुवया-पापण्यांना तर कधीच लावू नये. अशा घटनांच्या दबावाखाली जून १९३८ मध्ये तिथे प्रसाधनांना लागू होणारा पहिला संघीय कायदा झाला.

त्याच उन्हाळ्यात मॅक्स फॅक्टर युरोपच्या दौऱ्यावर होते. तिथे त्यांना खंडणीची धमकी देणारी चिठ्ठी आली. त्या धक्क्याने प्रकृती बिघडली, ते कॅलिफोर्नियाला परतले आणि ३० ऑगस्ट १९३८ रोजी बेव्हर्ली हिल्समधल्या घरी वारले. फ्रँकने पुढे वडिलांचेच नाव घेतले, मॅक्स फॅक्टर ज्युनियर, आणि धंदा चालू ठेवला.